‘बोकड किती’ नावाचा ग्रुप

मी एक ग्रुप बोलतोय. फोनातला. माझं नाव ‘बोकड किती’. हसून घ्या आधी. सगळीच हसत्यात, मला सवय झालीया.

आता तुमी म्हनशीला, ग्रुप कसा काय बोलंल? आवं, माझ्यात येवढी मानसं बोलून गेली, मी जरा तोंड उघडलं तर काय बिघडलं? फकस्त एक सांगून ठेवतो. माझी शाळा झाल्याली न्हाई. मी जे काय शिकलो ते मानसांच्या मेसेजवरनं शिकलो, आन त्यातल्या निम्म्या जनांस्नी ‘शुभ सकाळ’ बी धड लिवता येत न्हाई. तवा माझं शुद्धलेखन तपासत बसू नगा. कळलं तर घ्या, न्हाई कळलं तर अंगठा दाखवा आन म्होरं चला. आमच्यात तसंच करत्यात.

माझा जन्म कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात झाला, टेंपोच्या केबिनमधी. टेंपो रविराजचा. हे रविराज म्हंजे गावातलं सगळ्यात वांड कार्टं, लगीन झालं तरी सुधारलं न्हाई. माझं थोडं वळान त्याच्यावर गेलंय.

जत्रा तोंडावर आलीती. जत्रेत पहिल्या दिशी गोडा निवद आन दुसऱ्या दिशी रस्सा. घरटी पावनं. तवा बोकडं लागत्यात, आन बोकडं आणायचा आकाराम.

हा आकाराम आटपाडीकडचा मेंढका. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं घेऊन चालत निघायचा आन आमच्या गावात दादासोच्या रानात वाडा टाकायचा. वाडा म्हंजे मेंढरांचा तळ, हां. चार भितीचा न्हवं. रात्रभर मेंढरं रानात बसायची, लेंड्या पडायच्या, रान खताला यायचं. त्याच्या बदल्यात दादासो ज्वारी द्यायचा. ह्याचा बाप त्याच्या बापाच्या रानात बसायचा, तवापस्नंचं चालत आल्यालं. दोघं ल्हानपनी एकाच बांधावर खेळल्यालं.

तर जत्रेच्या आधी अख्खं गाव आकारामला फोन करायचं. तो दिसभर मेंढरांमागं कुठल्यातरी डोंगराच्या अंगाला, रेंज न्हाई. मंग रविराजनं डोकं लावलं, मेसेज टाकला तर रेंजात आल्यावर तरी मिळंल. ग्रुप काढला, आकारामला घातलं, गाव घातलं, आन नाव टाकलं ‘बोकड किती’. म्हनला, जत्रा झाली की उडवून टाकू.

जत्रा झाली. रस्सा संपला. हाडकं कुत्र्यांनी नेली. मला उडवायचं कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई.

मंग काय, रिकामी जागा दिसली की मानूस बसतंच. पैल्यांदा कुनीतरी विहिरीवरच्या मोटारीची लाईट कवा येनार ते इचारलं. मंग कुनी लाईटवाल्यांस्नी शिव्या दिल्या. शिव्या आल्या म्हंजे राजकारन आलंच. इथनं दिल्लीपतुरच्या बाता ‘बोकड किती’ नावाखाली चालायच्या. माझ्या फोटूत एक बोकड, त्याला रविराजनं काळा गॉगल लावलाता. तो गॉगल हुबेहूब दादासोच्या गॉगलागत हाय, हे गावाला लगीच कळलं. दादासोला अजून कळल्यालं न्हाई.

दादासो म्हंजे सुभेदार. लष्करातनं रिटायर. त्यानं रविराजला दम भरला आन अॅडमिन झाला. आल्या आल्या नेम लावला. रोज सकाळी त्याचा मेसेज, ‘सर्व सभासदांनी हजेरी लावावी. नोंद घ्यावी.’ की सगळ्यांनी अंगठा द्यायचा. लोकं दात घासत अंगठा द्यायची. काय लिवलंय ते वाचायची न्हाईत. सुभेदाराचा मेसेज, दे अंगठा.

रविराजनं एका सकाळी अंगठ्याच्या जागी बोकडाच्या खुराचा फोटू टाकला.

दादासोनं लिवलं, ‘हा काय प्रकार आहे?’

‘सुभेदार, ज्याच्या नावानं ग्रुप हाय त्याची बी हजेरी नगं का?’

हसून हसून गावाचा डेटा संपला त्या दिशी.

आकारामला लिवता येत न्हवतं. तो बोलून पाठवायचा. त्याचा एक मेसेज उघडला की अख्खा वाडा अंगावर यायचा. घुंगरं वाजायची, कुत्री भुकायची, वारं सुटल्यालं, मागनं त्याची बायको राहीबाई कुनावर तरी वरडायची, आन त्यातनं आकारामचा घोगरा आवाज, ‘आरं दादासो, हाईस का?’ हाईस का म्हनायचा आन थांबायचा. जसा काय दादासो तिथंच ‘व्हय’ म्हननार हाय.

एकदा त्यानं एक बॅटरी मागवली, डोस्क्याला बांधायची. जाहिरातीत म्हनलंतं, दोन किलोमीटर उजेड. पार्सल दादासोच्या पत्त्यावर आलं, कारन रोज जागा बदलणाऱ्या मानसाला पत्ता कुठला आसतोय? बॅटरी लावली तर उजेड निसता नाकापतुर.

त्यानं तक्रारीला फोन लावला, आन त्याची हकीगत ग्रुपात सांगितली. ती मला अजून पाठ हाय.

‘एक दाबा म्हनली, दाबला. दोन दाबा म्हनली, दाबला. लय दाबादाबी झाली तवा एक बाई बोलली. म्हनली, तुमचा पिनकोड सांगा. मी म्हनलो, बाई, आजचा सांगू का उद्याचा? उद्या आमी वाडा हलवनार हाय.’

मागनं राहीबाई, ‘आन तिला सांगा, बॅटरी बघायला हिकडंच ये म्हनावं. च्या करते.’

त्यावर चार दिस चर्चा. कुनी म्हनलं कोरेगावच्या बाजारातनंच घ्यावं, दुकानदाराची गचांडी तरी धरता येती. रविराज म्हनला, ‘बॅटरीचं सोडा. म्हैना तीस दिसाचा, आन रिचार्ज अठ्ठावीस दिसाचं. दोन दिस कुनी खाल्लं?’

दादासोनं लिवलं, ‘देशहितासाठी थोडे सहन करावे.’

‘सुभेदार, रिचार्जमधी देश कुठनं आला वो?’

आकारामचा आवाज आला, ‘दादासो, तुझं सगळं देशापसनं सुरू हुतंय. तुला उचकी लागली तरी शेजारच्या देशानं आठवन काढली म्हनशील.’

काय दिस हुते गड्या ते. गावात इलेक्शनला कपबशी आन शिट्टी अशा दोन पार्ट्या. दादासो कपबशीचा, आकाराम शिट्टीचा. आता आकारामचं मतदान आटपाडीकडं, हिकडं त्याला कोन इचारतंय? पर सगळ्यात जास्त भांडायचा तोच. दादासो टायपून टायपून दमायचा आन आकाराम बोलून बोलून. मधीच एखादा ‘शुभ सकाळ’ गुलाबाचं फूल टाकून जायचा. आन सांजच्याला दादासो ज्वारी घेऊन वाड्यावर जायचा, तिथं दोघं काय बोलायची ते मला म्हाईत न्हाई. मला फकस्त पाठवल्यालं कळतंय.

माझ्यात बायका न्हवत्या. शिजवायचं त्यांनी, आन बोकड किती ते ठरवायचं बाप्यांनी. दादासोची पोरगी शिवांजली मिरजेला नर्सिंग शिकती. ती घरी आलीती तवा बापाला म्हनली, आमाला बी घ्या. दादासो म्हनला, सभासदांचं मत घ्यावं लागंल. सभासदांचं मत काय हुतं, ठावं हाय तुमाला.

तर पोरीनं काय करावं? बापानं फोन चार्जिंगला लावला तवा तिनं बापाच्याच फोनावरनं, बापाच्याच झोकात मेसेज टाकला. ‘आजपासून गावातील सर्व महिलांना सभासद करण्यात येत आहे. संमती असल्यास हजेरी लावावी. नोंद घ्यावी.’

पटापटा अंगठं आलं. एकानं बी वाचलं न्हाई. जे म्हातारं बायकांनी फोन धरूच नये म्हनायचं, त्याचा अंगठा सगळ्यात आधी.

दादासोनं फोन बघितला तवा ठराव मंजूर! त्याला काय मागं घेता येतंय? शिस्तीचा मानूस. गावानं अंगठा दिलाय म्हनल्यावर संपलं. तवा मला कळलं, माझ्यापेक्षा वांड पोरगी ह्या गावात हाय.

मंग खरी मजा आली. त्याच म्हाताऱ्यानं एक दिस लिवलं, पोरी फोनानं बिघडत्यात, पोरींनी फोन कमी वापरावा. त्यावर राहीबाईचा पैला मेसेज आला, तिला बी आत घेतलंतं. घसा खाकरून म्हनली, ‘पोरी बिघडत आसतील, न्हाई म्हनत न्हाई मी. पर दादासो भावजी सकाळधरनं फोन हातातनं सोडत न्हाईत. ते किती बिघडलं आसतील, ते बी एकदा बघा.’

शिवांजली, गावातल्या काक्वा, मावश्या, सगळ्यांनी हसणारी तोंडं टाकली. दादासोनं बी एक टाकलं. चुकून टाकलं का मुद्दाम, ते मला कळलं न्हाई. पर टाकलं.

मंग ते भांडान झालं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आकारामची मेंढरं कुठल्यातरी माळावरनं हाकलून दिली. तिथं आता चरायची बंदी, तारा ठोकल्या. आकारामनं ग्रुपात सांगितलं. आवाज नेहमीचा न्हवता. त्यात हसू न्हवतं, आन मागं घुंगरं बी लय भराभरा वाजत हुती, कळप पळवल्यागत.

दादासोनं लिवलं, ‘कायदा सर्वांना समान आहे. नियम पाळावेत.’

आता ह्या मानसाला कवा काय लिवावं ते कळतंच न्हाई. ‘मेंढरं बरी हायत का’ येवढं इचारलं आसतं तर ही गोष्ट हितंच संपली आसती.

आकाराम म्हनला, ‘समान कसला? तार आमच्याच म्होरं ठोकत्यात. तुमच्या उसाला कालवा येतोय, तवा नेम कुठं जातोय तुमचा? मेंढरानं कुठं चरायचं, दादासो, तुज्या पुस्तकात?’

‘राजकारण नको.’

‘मेंढराच्या पोटात राजकारन आसतंय व्हय रं? तुला पेन्शन घरबसल्या मिळती, तुला सरकार गोडच लागनार. सगळी उमर बंदूक धरलीस, पर सरकारम्होरं तोंड उघडायची टाप न्हाई तुजी.’

सगळं गाव ऐकत हुतं. कुनी गुलाबाचं फूल बी टाकलं न्हाई.

आन मंग माझ्या अंगावर ती वळ उमटली. ‘दादासो यांनी आकाराम यांना काढून टाकले.’

सांगतो तुमाला, मला लय मानसं सोडून गेली. फोन बदलला म्हनून गेली, पोरीचं लगीन झालं म्हनून गेली. पर अशी वळ पैल्यांदाच. ज्याच्यासाठनं मला जन्माला घातलं, त्यालाच भायेर काढला.

दुसऱ्या दिशी सकाळी दादासोनं हजेरी मागितली. अंगठा आला न्हाई. एकाचा बी न्हाई. आला तो राहीबाईचा आवाज. तिला कुनी काढलं न्हवतं.

‘भावजी, मी भांडाय न्हाई आले. निसतं इचारते. पंगतीत जेवायला बसल्याला मानूस चार शब्द वाईट बोलला, तर त्याला ताटावरनं उठीवत्यात का तुमच्यात?’

आमच्याकडं पंगतीतनं उठवणं म्हंजे मानसाला मेल्यागत करणं. खून करा पर पंगतीतनं उठवू नगा. दादासोला हे ठावं न्हाई आसं थोडंच हाय? पर त्याच्या डोक्यात निराळंच हुतं. लष्करात शिक्षा देत्यात आन सांजच्याला परत लायनीत घेत्यात.

शिवांजलीनं मिरजेवरनं लिवलं, ‘आप्पा, आकारामतात्यांना परत घ्या. आत्ता.’

‘शिस्त म्हणजे शिस्त. उद्या सायंकाळी परत घेण्यात येईल.’

दुसऱ्या सांजंला घ्यायला गेला, तर घेता येईना. आकारामच्या पोरानं, अर्जुनानं, बापाच्या फोनात अशी सोय केलीती की इचारल्याबिगर कुनी कुठं घालायचं न्हाई. दादासोनं आवतान पाठवलं. आवतानाला उत्तर आलं न्हाई. आनखी एकदा पाठवलं. न्हाई.

दिवाळी झाली. गावात मेंढरं आली न्हाईत. दादासोचं रान मोकळंच, नांगरून ठेवल्यालं. शिवांजलीनं ग्रुपात इचारलं, ‘राहीबाई काकू, वाडा कुठं हाय औंदा?’

राहीबाई म्हनली, ‘खालच्या अंगाला हाय बाळा. दुसऱ्याच्या रानात.’ येवढंच. मागं घुंगरं वाजत हुती.

ते ऐकल्यावर दादासो टायपिंग करायला लागला. मला पाठवल्यालंच कळतंय म्हनलो, पर कोन लिवतंय आन कोन पुसतंय येवढं दिसतंय. लिवायचा, पुसायचा. परत लिवायचा, परत पुसायचा. रोज तेच. हजेरी तर त्यानं मागायचीच सोडली. जो मानूस ‘नोंद घ्यावी’ शिवाय बोलला न्हाई, त्याला एक वळ जमंना.

जत्रा जवळ आली. रविराजनं इचारलं, ‘बोकडाचं काय करायचं?’ बोकडं काय बाजारात बी मिळत्यात. पर तसं लिवायला कुनाचा हात चालंना.

आन मंग एका दुपारी दादासोनं बोलून मेसेज पाठवला. जन्मात पैल्यांदा. निम्म्या मेसेजात निसता श्वास. मंग म्हनला, ‘आकाराम… हाईस का? चुकलं गड्या माझं. तू बोललास ते लागलं मला, कारन ते थोडं खरं हाय. तुझी मेंढरं हाकलली आन मी तुला नेम सांगत बसलो. रान तसंच ठेवलंय. नांगरून ठेवलंय. ये बाबा.’

सुभेदाराचा आवाज फाटला. गावानं ऐकला. म्हाताऱ्यानं ऐकला, काक्वांनी ऐकला.

शिवांजलीनं लिवलं, ‘आप्पा… तात्या ग्रुपात न्हाईत. तुम्हीच काढलंय. कुनाला सांगताय?’

बघा आता. अख्ख्या गावाम्होरं माफी मागितली, आन ज्याची मागायची तोच हजर न्हाई! दुसऱ्या कुनी आसं केलं आसतं तर मी हसून लोळलो आसतो. पर मला हसू आलं न्हाई, खरं सांगतो.

रविराज म्हनला, ‘राहीबाई काकू, तुमी तेवढं तात्यास्नी ऐकवा की.’

राहीबाई म्हनली, ‘मी ऐकलं. मला बरं वाटलं, भावजी. पर मी न्हाई ऐकवनार. उठीवल्याल्या मानसाला परत बसवायचं आसंल तर त्याच्या दारात जावं लागतंय. आमचं दार लांब न्हाई. आमाला तर दारच न्हाई.’

दादासोनं ते ऐकलं. निळ्या खुणा झाल्या, मी बघितल्या. मंग त्यानं शिवांजलीला अॅडमिन केलं. आन ग्रुप सोडून गेला.

सोडून गेल्यालं आता सगळ्यांस्नी दिसत न्हाई, फकस्त अॅडमिनला दिसतंय. तिनं गावाला सांगितलं. ‘आप्पा गेले. तात्या भायेर हायत तवर मी आत बसनार न्हाई म्हनले. गाडीबी घेतली न्हाई. चालत गेलेत.’

त्यानंतर काय झालं ते मला म्हाईत न्हाई. म्या सांगितलंच, मला फकस्त पाठवल्यालं कळतंय. सगळी फोन उघडून बघायची आन मिटायची.

सांजंच्या उजेडात एक फोटू आला. राहीबाईनं काढल्याला, तिचा पैलाच फोटू. एका कोपऱ्यात निम्मं तिचं बोट. बाकी सगळीकडं मेंढरं. मधी दोन मानसं घोंगड्यावर बसल्याली. दोघांची बी तोंडं उघडी. दादासोचं बोट वर, आकारामचा हात त्याच्याहून वर.

रविराजनं लिवलं, ‘काकू, कशावरनं भांडत्यात?’

राहीबाई म्हनली, ‘कुनाला कळतंय? दोघं बी एकदमच बोलत्यात.’

जत्रेला बोकडं आली. किती आली ते मला कुनी सांगितलं न्हाई. मानसं आता वाड्यावर जाऊनच इचारत्यात. दादासोच्या रानात मेंढरं बसत्यात, आन सांज झाली की गावातली मानसं बी तिथं जाऊन बसत्यात. रविराज टेंपो तिथंच उभा करतोय. लाईट, रिचार्ज, दिल्ली, सगळं तिथंच चालतंय म्हनं. फोन धड रेंज धरत न्हाई त्या बाजूला, तवा कुनी काढत बी न्हाई.

दादासो आणि आकाराम, दोघं बी माझ्यात परत आलं न्हाईत. शिवांजलीनं दोघांस्नी आवतान धाडलं. न्हाई आलं.

आता माझ्यात काय हाय? गुलाबाची फुलं. कवातरी कुनाची तरी हरवल्याली म्हस. बऱ्याच जनांनी माझं तोंड बंद करून ठेवलंय, काहींनी तर खाली, दिसनार न्हाई आसं टाकलंय. शिवांजली तेवढी मिरजेवरनं कवा कवा इचारती, ‘आज काय भांडान?’ उत्तर येत न्हाई. ज्यांनी द्यायचं ती सगळी रानात हायत.

मला वाईट वाटतंय का? वाटतंय की. खोटं कशाला बोलू. मला त्यांची ती वटवट पायजे. रागवा, शिव्या द्या, पिनकोड इचारा, पर बोला. आन तुमच्या फोनात माझ्यासारखा एखादा ग्रुप आसंल, तर एक करा. कुनी लय टोचून बोलला, तर बोट लगीच त्या ‘काढून टाका’वर न्हेऊ नगा. आधी त्याची मेंढरं बरी हायत का, येवढं इचारा. मेंढरं नसतील तर दुसरं कायतरी इचारा.

परवा एक मेसेज आला. राहीबाईचा. कंबरंला खोचल्याला फोन चुकून दाबला गेला आसंल, तिला ठावं बी नसंल. लय लांबलचक हाय. घुंगरं, भाकरी थापल्याचा आवाज, लांबवर कुत्री. गावात कुनी उघडला न्हाई. शिवांजलीनं मिरजेत ऐकला. परत ऐकला. अंगठा बी दिला न्हाई तिनं, निसती ऐकत बसली.

त्यात लांबनं आकाराम म्हनतोय, ‘थांब, माझं अजून संपल्यालं न्हाई.’

आन दादासो म्हनतोय, ‘बोल की बाबा. कोन उठीवतंय तुला?’